धडधाकट निनाद

माझ्या भावाच्या, निनादच्या, अपंग पेन्शनचा अर्ज केला, त्याच आठवड्यात कचेरीने आमच्याकडे एक धडधाकट निनाद पाठवून दिला. तिथल्या सौदागर मॅडम स्वतः त्याला जीपमधून सोडायला आल्या.

"मंजुरीला प्रतीक्षा कालावधी असतो," त्या दारातच म्हणाल्या. "तोवर तुमचा भाऊ नियमाने निरोगी. म्हणून हा इथं राहील. कालावधी संपला की न्यायला येईन."

"पण त्याचा पाय कापलाय. हाडाचा कॅन्सर आहे. केमो चालू आहे," मी म्हटलं.

"ते नंतर."

आमचा निनाद आतल्या खोलीत पडून होता. वय एकवीस, डोक्यावर केस नाहीत, तोंड इतकं आलेलं की पेजही गिळवत नव्हती. हा दुसरा चपला काढून आत आला आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय गं." आवाज तोच. आई भाकऱ्या थापायला बसली. तो खात गेला, ती थापत गेली.

आधी आम्ही त्याच्याशी तुटकच वागलो. पण तो पाणी भरायचा, आईला स्कूटरवरून बाजारात न्यायचा, शेजाऱ्यांच्या नकला करायचा. आई पुन्हा जेवू लागली. संध्याकाळी मी त्याच्याशी कॅरम खेळायला बसू लागले. आतून हाक आली की आई आणि मी एकमेकींकडे बघायचो.

"बाहेर कोण हसतंय, ताई?" निनादने एकदा विचारलं.

"शेजारचे आलेत."

"माझ्यासारखंच हसतोय."

मी त्याचं तोंड पुसलं आणि बाहेर येताना दार लावून घेतलं. त्याला आराम मिळावा म्हणून, असं आईला सांगितलं. तिने काही विचारलं नव्हतं.

पुढच्या केमोच्या दिवशी मी "निनाद, चल" म्हटलं आणि धडधाकटाने चपला घातल्या. रिक्षा दवाखान्याशी थांबेपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नाही. परत आले तेव्हा निनाद पलंगाच्या कडेला तयार होऊन बसला होता. "उशीर झाला का गं आपल्याला?" एवढंच त्याने विचारलं.

कालावधी संपला तशा मॅडम आल्या.

"ह्याला द्या. हा गेल्याशिवाय आजाऱ्याची नोंद होत नाही, पेन्शनही सुरू होत नाही."

आईने धडधाकटाचं मनगट धरून ठेवलं होतं. "आणखी थोडे दिवस राहू दे की," ती म्हणाली.

"एका घरात एकच राहतो, बाई. जीपमध्ये कुणीतरी एक बसायला हवा."

"कुणीतरी?" मी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. "कुणीतरी," त्या म्हणाल्या.

मागे दार वाजलं. निनाद भिंतीला धरून बाहेर आला. त्याने कॉलेजचा शर्ट घातला होता. तो खांद्यांवरून ओघळत होता. त्या दुसऱ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"मी जातो, ताई. फक्त तेवढा बूट घाल. मला वाकता येत नाही."

नको म्हणायला मी तोंड उघडलं. आई काही बोलेल म्हणून थांबले. मग खाली बसले, त्याचा पाय बुटात सरकवला, नाडी ओढली आणि वाटेत सुटू नये म्हणून दुहेरी गाठ मारली.