तळ्यातलं निंदण

मी गोगलगाय बोलतेय, पाण्यातली. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणत माणसं आमच्या नावानं उगाच खडे फोडतात. आमचा पाय पोटाखालीच असतो, त्यात कपट कसलं? पण आत्ता भांडायला सवड नाही. माझी पिल्लं जगणार की मरणार, ते दिवाळीला ठरणार आहे.

चिखलीच्या रस्त्याला भगवंतरावांचं मळ्यातलं तळं आहे, तिथलाच माझा जन्म. पाण्यात तऱ्हेतऱ्हेची झाडं होती. केसांसारख्या बारीक पानांत झिंगे लपत. ताठ देठांवरून चतुरांची पिल्लं वर चढत आणि पंख फुटले की उडून जात. आम्हाला पट्टीसारखं लांब पान लागतं. त्यावरचा बुळबुळीत थर खायचा आणि त्याच्याच मागे अंडी घालायची. ज्याला जे घर मानवलं, ते त्याचं.

यंदा भगवंतरावांनी तळ्यात मासे सोडले, बोटाएवढे. विकायला कमळं तेवढी ठेवायची, बाकी सगळं तण, असं त्यांनी ठरवलं. भाजी पिकवणारा माणूस तो. त्यांच्या वांग्यांच्या वाफ्यात गवताची काडी सापडायची नाही. तोच न्याय त्यांनी पाण्याला लावला आणि तळ्याचं निंदण सुरू झालं.

उपटलेली झाडं काठावर पडली. त्यांत माझी थोरली बहीण होती. ती उन्हात शंखातच सुकली. मला भयंकर राग आला, पण माझ्या चालीनं मी जाणार कुठं?

मग बगळे आले. कमळाचं पान वर तरंगतं, खाली नुसता देठ. त्याच्या आड झिंगा काय लपणार? उरलेसुरले सगळे न उपटलेल्या झाडांच्या शेवटच्या पट्ट्यात दाटले. माझी अंडीही तिथंच होती. भगवंतरावांची बायको मंजुळाबाई उपटत उपटत तिथवर आली. तिची बोटं अंड्यांना लागली आणि थांबली.

“काऊन वं, थांबली काऊन?” भगवंतरावांनी काठावरून विचारलं.

“अंडे हायेत इथं. झिंगेबी हायेत. अन् तुमचे मासेबी इथंच चरून राह्यले. तिकडं कमळात एक नाई.”

“तण हाय ते. उपट.”

“कपाशीत आपण इरवाड काऊन पेरतो जी? तूर, चवळी, अंबाडी? एका पिकावर घर चालते काय? हा पट्टा माहा. याले इरवाड समजा.”

कपाशीतल्या त्या मिसळीच्या ओळी बाईच्या, त्यांना पुरुषानं हात लावायचा नाही, ही भगवंतरावांच्या घरची रीत.

“दिवाळीपर्यंत पाहू,” ते म्हणाले. “मासे नाई वाढले, तं हेबी उपटतो.”

अंडी फुटली. मोहरीएवढी पिल्लं पानावर चरतात. भगवंतराव रोज येऊन पाण्यात डोकावतात. मासे वाढले तर हा पट्टा राहील, आणि मासे वाढतात ते माझी पिल्लं खाऊन. कालच डोळ्यांदेखत दोन गेली.

खा रे बाबांनो. दिवाळीपर्यंत चांगले भरा. पण थोडी माझ्यासाठी राहू द्या.