दुसरे ओगराळे

मी एक जुने पितळी ओगराळे आहे. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला खोल, गोल वाटी, एवढेच माझे शरीर. पातेल्यात उतरायचे, रस्सा भरून वर यायचे आणि कुणाच्या तरी वाटीत रिकामे व्हायचे, एवढेच माझे काम. मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरातही माझे एखादे भावंड खुंटीला टांगलेले असेल. ते बोलत नाही. मीही आयुष्यभर बोललो नाही. आज बोलतो आहे, कारण जेव्हा बोलायला हवे होते तेव्हा मला वाचा नव्हती, आणि ज्यांना होती ते गप्प राहिले.

कोल्हापुरातल्या एका तांबटाने मला पितळेच्या पत्र्यातून घडवले. दोन दिवस तो माझ्यावर हातोडीचे ठोके घालत होता आणि प्रत्येक ठोक्यागणिक मी थोडा थोडा खोल होत होतो. आजही माझ्या पाठीवर बोट फिरवले तर ते ठोके मोजता येतील. मग मला आतून कल्हई झाली. त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा आभाळ दिसले.

बायडाबाई आणि त्यांचे यजमान गणपतराव यांनी मला विकत घेतले, तेव्हा त्यांची खानावळ सुरू व्हायला चार दिवस उरले होते. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकडी, मागच्या खोलीत चूल. गणपतराव पाणी द्यायचे, भाकरी वाढायचे. रस्सा मात्र बायडाबाई स्वतः वाढत. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मटण शिजे. त्या दिवशी सकाळपासून खोबऱ्याचे दूध निघे, तीळ आणि खसखस वाटली जाई, चंदगडच्या काजूची पूड पडे, आणि अकराच्या सुमारास पांढरा रस्सा पातेल्यात हलके हलके हलू लागे. त्याला उकळी फुटू द्यायची नसते. फुटली की तो फाटतो. तो हलत राहावा म्हणून बायडाबाई मला सतत फिरवत ठेवीत. शेवटी माझ्यातून एक थेंब डाव्या तळहातावर घेत, जिभेला लावत, आणि डोळे मिटून क्षणभर थांबत. त्या क्षणाची मला फार ओढ होती.

त्या खानावळीत एक रीत होती. पांढऱ्या रश्श्याचे पहिले ओगराळे न मागता वाटीत पडे. दुसरे मात्र जेवणाऱ्याने मागायचे. कितीही मागा, नाही म्हणायचे नाही. बायडाबाई कुणालाच कसे झाले म्हणून विचारत नसत. मला हातात धरून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत आणि किती वाट्या पुढे येतात ते बघत. त्यावरून त्यांना आपला रस्सा कळे. वाटी पुढे आली नाही, तर त्या दुपारी स्वतः जेवत नसत.

तेव्हा बसस्थानकावर उतरलेला परगावचा माणूस कुठे जेवायचे म्हणून विचारी. रिक्षावाला सम्राट त्याला म्हणे, “कोल्हापुरात उतरून ह्ये इचारायचं असतंय व्हय, पावणं? बसा. बायडाबाईकडं सोडतो.” आणि तो खरोखर दारात आणून सोडी.

कायमचे जेवणारे तिघे मला विशेष आठवतात. गगनबावड्याच्या एसटीचे चालक जयसिंग. हुपरीहून पैंजण घेऊन गुजरीतल्या सराफांकडे येणारे चांदीचे कारागीर आकाराम. आणि जवळच्या कचेरीत कारकून म्हणून नव्याने रुजू झालेली संघप्रिया, जी पहिले सहा महिने मान वर करून बोललीच नाही.

जयसिंगांचा आवाज इंजिनावर मात करायला शिकलेला होता.

“मावशी, आज मिऱ्याचा हात सैल सुटलाय की. नाकातनं पाणी आलं.”

“तुजी गाडी घाटात बंद पडती ती आधी बघ,” बायडाबाई म्हणत, “मग माझ्या मिऱ्याचं बोल.”

“गाडी सरकारची हाय. रस्सा आपला हाय. आपल्याला बोलणार न्हाय तर कुणाला?”

पुढच्या खेपेला मिरे बरोबर पडत. ती बोलणी मला फार आवडत. त्या गल्लीत कुणी तोंडदेखले बोलत नसे.

एकदा रस्सा ढवळताना माझा दांडा वाटीपासून सुटू लागला. आकाराम मला पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीने हुपरीला घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत आणले. माझ्या सांध्यात त्यांनी चांदीची रिबीट ठोकली होती.

“चांदी कशाला, भाऊ? ओगराळं हाय, पैंजण न्हवं,” बायडाबाई म्हणाल्या.

“रश्श्याचा मान हाय त्यो,” आकाराम म्हणाले आणि वाटी पुढे केली.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस होता. आपल्याला इतका मान मिळाला की आपण थोडे गाफील होतो. मीही झालो.

मग साथीचे वर्ष आले. गल्ली बंद झाली. मी खुंटीवर टांगलेला होतो, आणि खाली दोन अंथरुणांवर दोन माणसे तापाने फणफणत होती. एके सकाळी गणपतरावांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत. बायडाबाईंना त्यांचे शेवटचे दर्शनही मिळाले नाही.

काही महिन्यांनी त्यांनी खानावळ पुन्हा उघडायचे ठरवले. तो शुक्रवार होता. रस्सा तयार झाला. त्यांनी माझ्यातून एक थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले. ते मिटलेले डोळे बराच वेळ उघडले नाहीत. मग दुसरा थेंब. मग तिसरा. मग त्यांनी मिठाच्या बरणीत बोट घातले आणि ते चाखले. मग तिखटाच्या. डोळ्यांना पाणी आले, पण चव आली नाही. मग खोबऱ्याची वाटी नाकाशी नेली, आणि तशीच खाली ठेवली.

ताप उतरला होता, पण जाताना चव आणि वास घेऊन गेला होता.

त्यांनी ते कुणालाही सांगितले नाही. चव न कळणाऱ्या बाईच्या खानावळीत कोण येईल? माझा दांडा घट्ट धरून त्या हळूच म्हणाल्या, “हाताला आठवतंय. हात करंल.” आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “चुकलं तर वाट्या सांगतीलच की.”

हाताला सारे आठवत होते, पण त्याचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. मीठ घातले की नाही, अशी शंका आली आणि हाताने ते पुन्हा घातले.

दुपारी तिघेही आले. गणपतरावांची पाण्याची कळशी कोपऱ्यात पालथी होती. संघप्रियाने उठून स्वतःच सगळ्यांना पाणी दिले. बायडाबाईंनी पहिले ओगराळे वाढले आणि त्या नेहमीसारख्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्या इतक्या वाळल्या होत्या की त्यांच्या हातात मी मोठा दिसत होतो.

आकारामांनी पहिला घोट घेतला आणि ते थांबले. संघप्रियाने घेतला आणि खाली बघितले. जयसिंगांनी घेतला, आणि मला वाटले, आता हा माणूस गरजेल. मी वाट बघत होतो. जयसिंगांनी दाराकडे बघितले. बायडाबाईंचे पांढरे कपाळ बघितले. मग वाटीतला सगळा रस्सा एका दमात पिऊन त्यांनी ती पुढे केली.

“मावशी, दुसरं वाढा की.”

आकारामांची वाटी पुढे आली. संघप्रियाचीही आली.

बायडाबाईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उजळले, ते मी कसे सांगू? त्या दिवशी, गणपतराव गेल्यानंतर पहिल्यांदा, त्या पोटभर जेवल्या.

तिथून पुढे दोन वर्षे हे असेच चालले. एकदा केलेली दया दुसऱ्या दिवशी मोडणे फार कठीण असते. आज सांगावे तर काल का सांगितले नाही, हा प्रश्न उभा राहतो. आकाराम डोळे मिटून पीत. संघप्रिया भात कालवून वाटी कशीतरी संपवी, आणि कधी कधी हात धुताना उरलेले हळूच मोरीत ओती. जयसिंगांची बोलणी बंद झाली होती. ते आता फक्त “झ्याक” म्हणत. तो शब्द त्यांच्या तोंडी मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता.

नवे लोक एकदा येत आणि वाटी अर्धी ठेवून उठत. सम्राट आता परगावच्या माणसाला विचारी, “बिर्याणी खाणार का डोसा?” हायवेला ढाबे झाले होते, स्टँडसमोर दिव्यांच्या पाट्या लागल्या होत्या, शहरात खायला जागा कमी नव्हती. बायडाबाईंना वाटे, लोकांना झगमगाट हवा आहे. त्या म्हणत, “चव तर हाय तशीच हाय. ही तिघं उगंच मागत्यात व्हय दुसरं?”

मला सगळे ठाऊक होते. दर खेपेला मीच त्या रश्श्यात बुडत होतो. पण पितळेला जीभ नसते.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी चंदगडहून चिमणाबाई आल्या. दरवर्षी काजू आणून देणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाई. साथीमुळे आणि गुडघ्यांमुळे मधली वर्षे त्या आल्या नव्हत्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग बायडाबाईंनी त्यांना पुढच्या खोलीत मानाने बसवले आणि मला रश्श्यात बुडवले. तिघे आधीच जेवत होते. तिघांच्याही वाटीत दुसरे ओगराळे पडलेले होते.

चिमणाबाईंनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

“बायडा, खोबरं कवाचं हाय ह्ये?”

“नेहमीचंच की. का गं?”

“खवट झालंय. आणि मीठ दोनदा पडलंय. तू चाखलं न्हाईस व्हय?”

“आक्का, काय बोलतीस? ह्या तिघांनी आत्ताच दुसरं मागून घेतलंय.”

चिमणाबाईंनी हात लांबवून संघप्रियाच्या वाटीत बोट बुडवले, चाखले आणि तिच्याकडे बघितले. “पोरी, ह्ये तू मागून घेतलंस?”

संघप्रियाने वाटीवर हात ठेवला. बायडाबाईंची बोटे माझ्या दांड्यावर आवळली गेली.

“जयसिंग, तू सांग. तू कधी खोटं बोलला न्हाईस.”

जयसिंगांचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हते. “मावशी, त्या दिशी तुमी दारात हुब्या हुतासा. गणपतराव न्हवतं. न्हाय कसं म्हणायचं?”

“कवापास्नं?”

“पयल्या दिसापास्नं.”

बायडाबाई भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, “मला चव कळत न्हाय रं. तापात गेली ती आलीच न्हाय. म्हणून मी तुमच्या वाट्यांकडं बघत हुतो. आणि तुमी माझ्या तोंडाकडं बघत हुतासा.”

संघप्रिया उठली. तिचे डोळे भरले होते. “मावशी, उद्यापासून सकाळी मी येते. चाखून सांगते. आपण पहिल्यासारखा करू.”

बायडाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

“येशील गं. पण आता तू झ्याक हाय म्हणालीस, तर ते खरं म्हणून मी कसं धरू?”

बायडाबाईंनी पातेले मोरीत रिकामे केले. मला स्वतः घासले, स्वच्छ पुसले आणि खुंटीला अडकवले. खानावळ त्यानंतर उघडली नाही.

खोल्या सोडून त्या गगनबावड्याला भावाकडे राहायला गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी मला संघप्रियाच्या हाती दिले. आता मी तिच्या घरी असतो. तिथे माझ्यातून आमटी वाढली जाते. कल्हई पातळ झाली आहे, पण चांदीची रिबीट अजून घट्ट आहे. आमटी वाढताना संघप्रिया तिच्या नवऱ्याला, बुद्धभूषणला, रोज म्हणते, “खरं सांगा हं.” आणि तो बिचारा रोज खरे सांगतो.

गेल्या महिन्यात जयसिंग आपल्याच गाडीतून बायडाबाईंना संघप्रियाकडे घेऊन आले. चुलीवर आमटी होती. बायडाबाईंचा हात सवयीने माझ्याकडे आला. त्यांनी मला फिरवले, एक थेंब डाव्या तळहातावर घेतला, आणि मग एकदम आठवल्यासारखा तो हात संघप्रियासमोर धरला.

संघप्रियाने चाखले. “मीठ कमी आहे, मावशी.”

त्यांनी चिमूटभर मीठ टाकले. पुन्हा एक थेंब. “आता?”

“आता बरोबर आहे.”

बायडाबाई तिच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. ते त्यांना खरे वाटले की नाही, मला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही घरी जेवा, खानावळीत जेवा, दिव्यांच्या पाट्यांखाली जेवा. वाढणारा हात तुमच्या ताटावर क्षणभर थांबतो, तिकडे लक्ष द्या. तो काहीतरी विचारत असतो. मीठ जास्त असेल तर जास्त म्हणा, हळू आवाजात म्हणा, पण म्हणा. आणि ज्या दिवशी खरोखर चांगले झाले असेल, त्या दिवशी मुकाट्याने उठून जाऊ नका. तुमचा खरा शब्द हीच त्या हाताची जीभ असते. एवढे केलेत, तर खुंटीवरच्या कुठल्याही मुक्या ओगराळ्यावर माझ्यासारखे बोलण्याची वेळ येणार नाही.