फाईल बघून देणारी मावशी

"थांबा, डॉक्टर! पाय काढा पेडलवरून!"

डॉक्टरांनी पाय काढला, मशीन थांबलं. खुर्चीतल्या बसड्रायव्हरचे डोळे कपाळात गेले. बिचाऱ्याचा जबडा सताड उघडा, दाढेभोवती रबर ताणलेलं. विचारणार तरी कसं?

शेजारी उभी मदतनीस मावशी या पायावरून त्या पायावर भार टाकत होती. सकाळपासून तिला चैन नव्हतं. दाढेच्या मुळातली नळी साफ करणारी ती फिरती फाईल, केसाहून जराशी जाड. वापरून वापरून तिचे पीळ सैल पडतात आणि एके दिवशी ती आतच तुटते. तुकडा मुळात, दाढ गोत्यात. म्हणून प्रत्येक फाईल भिंगाखाली बघून द्यायचं काम मावशीचं. बावीस वर्षांत एकही तुटली नव्हती. एकदा तर म्हणे बंद कपाटातली फाईल बिघडल्याचा तिला घरी वास आला आणि ती भरल्या ताटावरून उठून दवाखान्यात आली. ताटाचं खरंखोटं देव जाणे. फाईल मात्र बिघडलेलीच निघाली.

"आता काय झालं, मावशी?" डॉक्टर वैतागले. हे मोठ्या डॉक्टरांचे चिरंजीव. याच दवाखान्यात रांगलेले.

"आवाज अडखळतोय. टाकून द्या ती."

"तिसऱ्यांदाच तर वापरतोय. आणि सकाळी तुम्हीच बघितलीत ना?"

"बघितली."

"मग झालं तर."

ड्रायव्हर "आँ, आँ" करू लागला. डॉक्टरांचा पाय पुन्हा पेडलकडे सरकला.

"अरे, नको ना!" मावशी एकदम एकेरीवर आली. "अंदाजानं दिली मी. पीळ दिसलेच नाहीत. दोन महिने झाले, नजर गेलीय. सुधारायची नाही म्हणतात."

"दोन महिने? आणि आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं, तर इथे उभी केली असतीस?"

डॉक्टरांनी फाईल भिंगाखाली धरली. टोकाशी एक पीळ उसवलेल्या टाक्यासारखा उलगडला होता. त्यांनी नवं पाकीट स्वतः फोडलं, फाईल स्वतः निरखली आणि दाढेचं काम पुरं केलं.

ड्रायव्हर सुन्न गाल चोळत निघून गेल्यावर ते म्हणाले, "मावशी, बाहेर टेबलावर बसाल? अपॉइंटमेंटचं बघायला."

"बसते की."

तिने हातमोजे उतरवले, केस सारखे केले आणि बाहेर जाऊन दार उघडून धरलं.

"पुढचे कोण? या, घाबरू नका, डॉक्टरांचा हात हलका आहे."

पेशंट आत गेला. मावशीने बाहेरून दार लावून घेतलं, आवाज होऊ न देता.