हंगामाबाहेरचे फटके

आमच्या घरातला पॅसेज नोव्हेंबरपासून रोज थोडा लांबतो आहे. आज सकाळी तो तीनशे चाळीस यार्ड भरला. त्याच्या त्या टोकाला माझे यजमान उभे आहेत आणि चहा त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर गार होईल.

यात गूढ काही नाही. आमच्या या बर्फाळ अमेरिकन गावात गोल्फचा हंगाम एक नोव्हेंबरला बंद होतो तो एक एप्रिलला उघडतो. मधल्या महिन्यांत कुणी खेळलं तरी स्कोअर नोंदवता येत नाही, हँडिकॅपमध्ये धरला जात नाही. हँडिकॅप म्हणजे माणूस किती बरा खेळतो त्याचा आकडा. आकडा जितका लहान, तितका माणूस ताठ चालतो. श्रीरंग, म्हणजे हे, हंगाम संपल्यावर पॅसेजमधल्या गालिच्यावर खेळू लागले. टोकाला एक फुलपात्र आडवं ठेवायचं आणि त्यात चेंडू घालायचा. पण नोंदवलेला फटका संपतो, न नोंदवलेला जाणार कुठे? तो घरातच पडून राहतो आणि घर तेवढं लांबतं. पहिल्या आठवड्यात न्हाणीघर जरा दूर गेलं. मला वाटलं, माझे गुडघेच बिघडले.

फुलपात्र पुढे पुढे जात राहिलं आणि हे त्याच्यामागे गेले. होल अर्धवट टाकून परत येणं यांच्या रक्तात नाही.

आमच्या क्लबची हँडिकॅप सेक्रेटरी मीच आहे. स्टिक कधी हातात धरली नाही, पण एकोणीस वर्षं लोकांचे स्कोअर तपासते आहे. माझ्या पाठीमागे सगळे मला 'कस्टमवाली' म्हणतात. ते मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतं.

मंगळवारी पालेकरांचा फोन आला. ते यांचे खेळातले जोडीदार. ऑक्टोबरच्या मध्यालाच ते अ‍ॅरिझोनाला पळतात.

"वहिनी, श्रीरंगला द्या जरा."

"ते दूर आहेत."

"किती?"

"ड्रायव्हरचा एक लांब फटका आणि वर सात नंबरच्या स्टिकचा एक."

"आमच्याकडे उलटं झालंय," ते म्हणाले. "इथे बारा महिने हंगाम. रोज खेळतो, रोज नोंदवावं लागतं. घर एवढंसं उरलंय. हेमा पोळ्या करते तेव्हा मी पाय फ्रीजमध्ये ठेवून बसतो."

"मग खेळू नका."

"वहिनी, हंगाम आहे."

मी गोल्फ संघटनेच्या ऑफिसात फोन लावला. तिथली बाई मला चांगली ओळखते. यांचे हिवाळ्यातले फटके एप्रिलमध्ये तरी धराल का, असं विचारलं.

"साक्षीदार कोण होतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग एप्रिलमध्येही नाही. एकट्यानं खेळलेलं धरत नाहीत. गेल्या वर्षी शिबिरात तुम्हीच तर शिकवलंत."

शिकवलं होतं. मी फोन ठेवला. म्हणजे एप्रिल आला तरी पॅसेज कमी होणार नव्हता, आणि हे असेच जाणार होते, चेंडूमागून चेंडू, मला दिसेनासे होईपर्यंत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट सांगायला हवी. हे दुपारी मैदानावरून आले आणि बूट न काढता दारातूनच म्हणाले, "नलू, एकोणनव्वद!" जन्मात कधी नव्वदच्या खाली आले नव्हते. मी विचारलं, "बरोबर कोण होतं?" पालेकर तर गेलेले. "कुणी नाही," हे म्हणाले. मी तो स्कोअर खोडला. "बरं," एवढंच बोलून यांनी बूट काढले. आधी अभिनंदन करून मग खोडता आला असता. ते मला सुचलं नाही, याची फार लाज वाटते.

मी थर्मासमध्ये चहा भरला, स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेतली, लोकरी मोजे चढवले आणि निघाले. भिंतीवरचे फोटो साठ यार्डांतच संपले. दीडशेच्या पुढे गालिच्यावर दव होतं. वळून पाहिलं तर आमचं स्वयंपाकघर पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं आणि त्यात दिवा मी चालूच ठेवला होता.

हे वाळले होते. दाढी वाढली होती.

"इतकं चालत आलीस?"

"साक्षीदार नको का?"

यांनी चहा घेतला. दोन्ही हातांनी कप धरून प्यायले.

"त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हणाले. "एकोणनव्वद तुमचे होते."

"तुझा नियम होता."

"मला अक्कल नव्हती."

हे हसले. यांचं हसू इतक्या जवळून ऐकून किती आठवडे झाले होते! मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग कार्डावर यांचे फटके लिहून साक्षीदाराच्या रेघेवर सही केली. पॅसेज आखडेल म्हणून आम्ही दोघं वाट पाहत उभे राहिलो. तो तसूभरही हलला नाही.

"जानेवारी आहे, हंगाम नाही," हे म्हणाले.

"हो."

"तू जा परत. तुझे गुडघे आहेत."

"मी नाही जाणार."

यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि स्टिक माझ्या हातात दिली. बोटं कशी धरायची ते दाखवलं. अंगठा खाली, उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर.

"मला येत नाही हो."

"मोजतंय कोण?"

मी डोळे मिटून मारला. आवाज स्वच्छ आला. डोळे उघडले तेव्हा हे कपाळावर हाताचा आडोसा धरून छताखाली लांबवर पाहत होते.

"अजून जातोय," हे म्हणाले, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. आमच्या मागे घर लांबायला लागलं.