वाटी आणि चमचा

मसाल्याची तिसरी पिशवी बॅगेच्या कोपऱ्यात कोंबत असताना शेजारची माणिक दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रत्ना, यात खसखस नाही ना गं?"

"आहे की. मालवणी मसाला खसखशीशिवाय कसा होईल?"

माणिक उंबऱ्यातच बसली. तिचा नवरा दोन वर्षं दुबईत गवंडीकाम करून आलेला, त्यामुळे आखाताच्या बाबतीत चाळीत तिचा शब्द शेवटचा. तिकडे खसखस म्हणजे अफूच धरतात, असं तिने सांगितलं, आणि विमानतळावरूनच परस्पर तुरुंगात गेलेल्या माणसांच्या दोन गोष्टी लागोपाठ ऐकवल्या.

रत्नप्रभाने पिशव्या बाहेर काढल्या. हात साबणाने धुतले. मग सगळी बॅग उलटी करून झटकली, साड्यांच्या घड्या मोडून पाहिल्या. एवढासा दाणा तो, कुठल्या निरीत अडकून बसेल कोण सांगणार?

तिचा नवरा गुणाजी खाटेवर बसून हे सगळं बघत होता. "बरा झाला सांगल्यान ता," तो म्हणाला. "पकडल्यानी असता तर चेडवाक काय जेलातसून बघतलं होतंस?"

मुलीला तुरुंगातून बघायच्या त्या बोलण्यावर माणिक हसली. रत्नप्रभाला हसू येईना. गेला महिनाभर तिचं असंच चाललं होतं. जिथे काही नव्हतं तिथेही तिला काहीतरी आडवं येताना दिसे.

घाटकोपरच्या भटवाडीतली ही एक खोली. गिरणी बंद पडल्यापासून गुणाजी विक्रोळीला एका कंपनीच्या वसाहतीत पाण्याच्या पंपावर होता आणि रत्नप्रभा पालिकेच्या दवाखान्यात नर्स. दर गुरुवारी लसीची रांग लागायची. मुलं उचलायची, वजनाच्या पारड्यात ठेवायची, तोंड उघडून डोस घालायचे, रडली की खांद्यावर टाकून थोपटायचं आणि ज्याचं त्याला परत द्यायचं. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. तिला स्वतःला चार वेळा दिवस गेले. तीनदा गर्भ टिकला नाही; चौथ्या वेळी मुलगा आठव्या महिन्यात आला आणि एक दिवस राहिला. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही.

आणि आता धाकट्या बहिणीचं, सुगंधाचं पत्र आलं होतं. आई लवकर गेली, तेव्हा सुगंधा सात वर्षांची होती. तिला वेणीफणीपासून नर्सिंगच्या परीक्षेपर्यंत रत्नप्रभानेच वाढवलं. ती आता मस्कतला मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये होती, नवरा नंदकिशोर तिथेच एका गॅरेजात सुपरवायझर. दोन मुलगे होते, त्यांच्या पाठीवर ध्यानीमनी नसताना ही मुलगी झाली. पत्रात तिने लिहिलं होतं, "ताई, मी खूप विचार केला. नीलाला तुझ्या ओटीत घालावी असं आम्हा दोघांच्या मनात आहे. पण तू आधी ये, महिनाभर राहा, तिला तुझा लळा लागू दे. तिकीट पाठवते. तुझं मन बसलं तर गणपतीला गावी देवासमोर देईन, मग वकिलाकडे कागद करू."

तुझं मन बसलं तर! रत्नप्रभाने ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला. तिचं मन पाकीट उघडायच्या आधीच बसलं होतं. भीती दुसरीच होती. सुगंधाचं मन उठलं तर? मुलीने आपल्याकडे बघून नुसतं तोंडच फिरवलं तर? दवाखान्यात तिने बहीण आजारी आहे म्हणून सांगितलं. अजून हातात नसलेल्या गोष्टीला कुणाची नजर लागायला नको.

सहार विमानतळावरच्या साहेबाने कशासाठी जाताय म्हणून विचारलं, तर "बहिणीकडे" एवढंच ती बोलली. विमानात दोन्ही बाजूंना कामावर परतणारी माणसं होती. शेजारच्याने त्याचा फॉर्म भरून द्यायला सांगितलं. त्याचा झाला, मग त्याच्या पलीकडच्याचा, मग मागच्या रांगेतून कागद पुढे आले. उतरेपर्यंत ती इतरांची नावं, गावं आणि जन्मतारखा लिहीत राहिली.

नीलाने तोंड फिरवलं नाही.

आठ महिन्यांची, कुरळ्या जावळाची, चेहऱ्यापेक्षा डोळेच मोठे. रत्नप्रभाने हात पुढे केले तेव्हा ती तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. ओठांकडे, कुंकवाकडे, परत ओठांकडे. मग सरळ झेप घेतली. "बघ, मला विसरली," सुगंधा म्हणाली. सगळे हसले. रत्नप्रभा मोरीत जाऊन नळ सोडून रडून आली.

पहिले चार दिवस सुखाचे गेले. सुगंधाची रजा संपून ड्यूटी सुरू झाली होती, नंदकिशोरराव कामावर, मुलगे शाळेत, आणि घरात या दोघीच. आंघोळ, पेज, झोप. मुलगी फार गुणी होती. सुगंधा कौतुकाने सांगायची, "दोघे भाऊ घर डोक्यावर घेतात ना, तरी ही आपली गाढ. असं शहाणं पोर मी पाहिलं नाही."

पाचव्या दिवशी रत्नप्रभाने डाळीचा कुकर लावला आणि नीलाला ओट्याजवळ चटईवर बसवलं. कुकरची शिट्टी एकदम फुटली. रत्नप्रभा स्वतः दचकली. नीला चटईची दशी ओढत होती, ती ओढतच राहिली.

दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली.

रत्नप्रभाने गॅस बंद केला आणि नुसती उभी राहिली.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात मोठ्या इस्पितळातल्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तान्ह्या मुलांची ऐकण्याची तपासणी कशी करायची ते त्यांनी शिकवलं होतं. महागडं यंत्र नको, एक वाटी आणि एक चमचा पुरे. आईने मूल मांडीवर घ्यायचं. समोर एकीने त्याला काहीतरी दाखवून रमवायचं आणि मग ते लपवायचं. त्याच क्षणी दुसरीने मागून, कानाच्या रेषेत, हातभर अंतरावरून चमचा वाटीच्या कडेवर हलकेच फिरवायचा. सावली पडता कामा नये, वारा लागता कामा नये. ऐकणारं मूल वळून बघतंच. तेव्हापासून रत्नप्रभाने शेकडो मुलांना वळून बघायला लावलं होतं, आणि वळली नाहीत त्या सात जणांच्या आयांना चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं होतं.

तिने वाटी घेतली. चमचा घेतला. समोर लाल बांगडी ठेवून ती काढून घेतली आणि मागे गेली.

संध्याकाळपर्यंत तिने पाच वेळा करून पाहिलं. एकदा नीला वळली, आणि रत्नप्रभाचा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, खिडकीतून ऊन येत होतं आणि आपली सावली भिंतीवर हलली होती. एकटीने केलेली तपासणी खरी नव्हे, असं तिने मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशीही तेच समजावलं. तिसऱ्या दिवशी ते समजावणंही संपलं.

आता फक्त एकच गोष्ट उरली होती, गप्प बसायची.

गणपतीला चार महिने होते. मूल ओटीत आलं की मग कळलं असं म्हणता आलं असतं. कोणाला काय समजणार होतं? ती आपलं मानून वाढवणार होती, बहिरी तर बहिरी. पण रत्नप्रभाला त्या सात चिठ्ठ्या आठवत. त्या आया वर्षभर खेटे घालत. नंबर लागून कानाचं मशीन मिळेपर्यंत मूल दोन-अडीच वर्षांचं होई आणि बोलण्याचं वय निघून जाई. सुगंधाच्या इस्पितळात कानांचा वेगळा विभाग होता, इंग्रज डॉक्टर होता, स्टाफच्या मुलांना सगळं तिथल्या तिथे. आज सांगितलं तर ही मुलगी कदाचित बोलेल. आणि आज सांगितलं तर सुगंधा ती देणार नाही. सुगंधाला तिनेच वाढवलं होतं. पायाला लागलेलं मांजर ती पोर घरी आणून महिनाभर सांभाळायची, आणि बरं झालं तरी सोडायची नाही.

सहा दिवस रत्नप्रभा गप्प राहिली. त्या सहा दिवसांत तिला अन्न गोड लागलं नाही. नीला मात्र तिच्या ओठांकडे बघून हसत होती.

सातव्या दिवशी सुगंधाची सुट्टी होती, नंदकिशोररावही घरीच होते. गहू निवडता निवडता रत्नप्रभा म्हणाली, "सुगंधा, हिला ऐकू येत नाही गं."

सुगंधाचा हात परातीत थांबला. मग ती शांतपणे म्हणाली, "नको असेल तर तसं सांग, ताई. मी वाईट वाटून घेणार नाही. पण माझ्या पोरीला नावं ठेवू नकोस."

"मी नावं ठेवते?"

"मग काय करतेस? मी नर्स आहे. आई आहे तिची. मला कळलं नसतं?"

रत्नप्रभा उठून वाटी-चमचा घेऊन आली, आणि दवाखान्यात रांगेपुढे उभी राहून बोलायची त्या आवाजात म्हणाली, "बाळाला मांडीवर घ्या. तोंड समोर. तुम्ही हलायचं नाही." नंदकिशोररावांना तिने समोर बसवून हातात बांगडी दिली.

डावा कान. उजवा कान. पुन्हा डावा. मग वाटीवर चमचा जोरात आपटला. सुगंधाच्या खांद्यांना झटका बसला. नीला बांगडी कुठे गेली ते बापाच्या मुठीत शोधत होती.

"परत कर," सुगंधा म्हणाली.

रत्नप्रभाने परत केलं.

"परत."

तिसऱ्यांदा रत्नप्रभाने चमचा खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात इंग्रज डॉक्टरने तेच सांगितलं. दोन्ही कान, जवळजवळ काहीच नाही. मात्र वेळेवर आणलंत, असंही म्हणाला. मशीन लंडनहून महिन्याभरात येणार होतं, तोंडाकडे बघून बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. सुगंधाने बिनपगारी रजा टाकली. नीलाची पेज आता ती स्वतः भरवू लागली, रोज तिच्यासमोर बसून तोंड मोठं उघडून "भा-त, भा-त" म्हणू लागली. रत्नप्रभाच्या मांडीवर असली तरी पाच मिनिटांत येऊन उचलून न्यायची. त्यात राग नव्हता. तिला भानच नव्हतं. गणपतीची गोष्ट घरात कुणी काढली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कपडे घड्या करताना सुगंधा मागे येऊन उभी राहिली. "ताई, आता हिला कशी देऊ गं?"

"मी कुठे मागायला आले होते?" रत्नप्रभा घडीवरून हात फिरवत म्हणाली. "बघायला आले होते. बघितली."

विमान दुपारी सहारला उतरलं. गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून कठड्याला टेकून उभा होता. बॅग हातात घेता घेता त्याने पहिला प्रश्न तोच केला, "चेडू कसां आसा गो?"

बसच्या थांब्यावर येईपर्यंत तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता. रस्त्यावरून दोन रिकाम्या टॅक्स्या गेल्या, त्याने एकीलाही हात केला नाही.

"तू गप रवलं असतंस तर?" त्याने विचारलं.

"राहिले होते. सहा दिवस."

त्याने मान हलवली. नंतर तो काहीतरी बोलू लागला आणि तेवढ्यात डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की थांब्याचा पत्रा थरथरला. तो बोलायचा थांबला नाही. ओठ हलत होते, सोबत हातही. विमान गेल्यावर रत्नप्रभा म्हणाली, "काही ऐकू आलं नाही."

"ऐकूचा नव्हताच," गुणाजी म्हणाला. "गिरणीत साच्यांच्या आवाजात कानाचो काय उपेग? अठरा वर्सां आमी ओठान आणि हातानच बोललंव."

ज्या गिरणीत तो साच्यांवर कापड विणायचा, ती बंद पडून तीन वर्षं झाली होती. ती होती तोवर गुणाजी तिथलं काही घरी आणत नसे, कपड्यांवरचा कापूसही दारात झटकून यायचा. रत्नप्रभाला हे माहीत नव्हतं. आता थांब्यावर उभ्याउभ्या तो तिला एकेक दाखवू लागला. पंजा कपाळावर आडवा धरला की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. मनगटावर दोन बोटं टेकली की पाळी सुटायला किती वेळ. बोटांचा चिमटा ओठांशी नेला की चल चहाला. बाजूचे दोन-तीन लोक बघायला लागले. गुणाजीला त्याची पर्वा नव्हती. तो भराभर दाखवत होता, जणू कुणाला तरी लवकर शिकवून द्यायचं होतं.

मग त्याने दोन्ही हात कोपरात वाकवून छातीशी धरले आणि हलकेच डोलवले. कुणाच्या घरी मूल झालं की साच्यांच्या पलीकडच्या रांगेतल्याला हे असं सांगायचं, ते त्याला समजावून द्यावं लागलं नाही.

घाटकोपरची बस आली. माणसं चढू लागली. गुणाजीचे हात अजून तसेच होते.

रत्नप्रभाने वाकून बॅग स्वतःच उचलली, आणि त्याला काही न म्हणता आधी चढली.