पागा आळीची पाटी

जव्हारच्या नगर परिषदेनं गावातल्या जुन्या वास्तूंपुढे माहितीच्या पाट्या लावायचं ठरवलं, तेव्हा तिथले कारकून मुकेशभाऊ रंजनाच्या शाळेत आले. रंजना शिक्षिका. मूळची मोखाड्याची, पण नोकरीमुळे अकरा वर्षं जव्हारात राहणारी.

"पागा आळीतली ती दगडी इमारत आहे ना मॅडम, तिची पाटी तुम्ही लिहा. चारच ओळी. संस्थानाच्या घोड्यांची पागा होती, एवढं आलं की झालं."

रंजनाला वाटलं, एका संध्याकाळचं काम. शाळा सुटल्यावर ती आळीत गेली. इमारतीला समोरून कुलूप होतं, पत्रे गंजलेले. शेजारच्या किराणा दुकानात मीनाकाकू बसल्या होत्या. रंजनानं सहज विचारलं, तर त्या हसल्या.

"पागा कसली? धान्याचं कोठार होतं ते. माझे सासरे तिथे भात मोजून घ्यायचे. घोडा मावेल असं दार तरी आहे का त्याला?"

दार खरंच अरुंद होतं. रंजनानं वहीत 'कोठार' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती निवृत्त शिक्षक गोरख सरांकडे गेली. ते म्हणाले, "कोठार होतं, पण नंतर. आधी तिथे मुलींची शाळा भरायची. माझी थोरली बहीण त्या शाळेत जायची." नगर परिषदेतल्या जुन्या नोंदवहीत एका पानावर 'पागा' होतं, सहा पानांनंतर त्याच घर क्रमांकापुढे 'गोदाम'. शाळेचा कुठे उल्लेख नव्हता. रंजनानं वहीची तीन पानं भरली आणि चौथ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. तिला स्वतःचाच राग आला. मुलांना ती इतिहास ठामपणे सांगायची आणि इथे रोजच्या रस्त्यावरचं एक घर तिला कळत नव्हतं.

आठवडी बाजाराला ती मोखाड्याला गेली. नवशी आजी नेहमीच्या जागी करांद्याचे कंद घेऊन बसली होती. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची ही म्हातारी रंजनाला लहानपणापासून ओळखत होती. करांदे निवडता निवडता रंजनानं आपली अडचण सांगितली.

नवशीचा हात थांबला. "दगडाचा घर? जव्हारला? मी व्हती त्यात."

"तुम्ही? शाळेत होता का आजी?"

"शाळा नाय. देवी आल्या व्हत्या. मना नि माझ्या बहीसला, गंगीला, सरकारची माणसा घेऊन गेली. लय पोरा व्हती. आई लांब आंब्याखाली उभी राहायची, आत येऊ देत नसत. मी घरी आलू. गंगी नाय आली."

तिनं करांदे तोलून पिशवीत टाकले. रंजनानं पैसे दिले. मग तिनं विचारलं, "आजी, माझ्याबरोबर येऊन ते घर दाखवाल?"

चार दिवसांनी दोघी वडापच्या जीपनं जव्हारला उतरल्या. पागा आळीत शिरल्यावर रंजनानं इमारतीकडे बोट केलं. नवशीनं बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"ह्या नाय."

"नीट बघा आजी. दगडी घर या आळीत हेच एक आहे."

"आमच्या घराला दोन पायऱ्या खाली व्हत्या. न् समोर आंबा. इथं कुठं आंबा?"

समोर डांबरी रस्ता होता, त्यापलीकडे मोबाइलचं दुकान. रंजना गोंधळली. एवढ्या लांबून म्हातारीला आणलं आणि हे पाचवंच उत्तर. मीनाकाकू दुकानातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मागून बघा की. हा रस्ता नवा आहे. माझं लग्न झालं तेव्हा लोक मागच्या बाजूनं यायचे."

मीनाकाकूंच्या परसातून तिघी मागे गेल्या. तिथे गटार आणि घाणेरीचं रान होतं. भिंतीत विटांनी बुजवलेलं एक दार दिसलं. नवशीनं काठीनं झुडूप बाजूला केलं. खाली पायऱ्या होत्या. एक पूर्ण, एक मोडकी.

नवशी खाली बसली. तिनं पायरीवरून हात फिरवला. "हाच असंल," ती म्हणाली. मग आजूबाजूला पाहत राहिली. "पण आंबा?"

आंब्याचं कुणालाच माहीत नव्हतं.

रंजनाला मात्र हायसं वाटलं. शेवटी एक धागा हाती लागला होता. त्या रात्री तिनं पाटीच्या ओळी लिहून काढल्या. सकाळी ती कागद गोरख सरांना दाखवायला गेली, तर त्यांच्या ओटीवर तुकाबाबा बसले होते. नव्वदीचे, पूर्वी रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांनी वाचून घेतलं आणि कागद परत दिला.

"देवीची पोरं इथे नव्हती ठेवली, बाई. ते घर आळीच्या दुसऱ्या टोकाला होतं. दगडीच होतं. साथ गेल्यावर जाळलं आणि दगड रस्त्याला घातले. मी स्वतः घातले."

"समोर आंबा होता का बाबा?"

तुकाबाबांनी डोळे मिटले. "आंबे तर सगळीकडे होते."

रंजना दोन दिवस तो कागद पर्समध्ये घेऊन फिरली. पायऱ्या खऱ्या होत्या. नवशीचा हात त्यांच्यावरून फिरला होता. पण 'असंल' म्हणतानाचा तिचा डळमळता आवाज रंजनानं ऐकला होता. आणि तुकाबाबांना खोटं बोलून काय मिळणार होतं? कुणाला खोडायचं, हेच तिला ठरवता येईना. शेवटी तिनं सगळ्या ओळी खोडल्या आणि नव्यानं लिहिलं.

मुकेशभाऊंनी कागद वाचला. "यात इमारत कुठली तेच नाही, मॅडम. 'या आळीत पागा, कोठार आणि मुलींची शाळा होती, असं इथले लोक सांगतात. देवीच्या साथीत डोंगरातल्या पाड्यांवरची मुलं या आळीत आणून ठेवली होती. त्यांत सूर्यमाळकडची गंगी होती. ती परत गेली नाही.' हे कुठं लावू मी?"

"इमारतीवर नका लावू. आळीच्या तोंडाशी लावा."

"साहेब विचारतील, नक्की काय होतं ते."

"मला नक्की माहीत नाही, असं सांगा. माझं नाव सांगा."

मुकेशभाऊंनी कागद पुन्हा वाचला. 'गंगी' या शब्दाशी ते जरा थांबले. मग घडी करून खिशात घातला.

पाटी लागायला दीड महिना गेला. नवशीला वाचता येत नव्हतं, म्हणून रंजनानं तिला आणून पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. गंगीचं नाव आलं तेव्हा म्हातारीनं ते परत वाचायला सांगितलं. रंजनानं परत वाचलं.

"कोणता घर, त्या लिवलाय का?"

"नाही आजी. ते मला कळलं नाही."

नवशीनं आळीत लांबवर पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "मना पण नाय कळला," ती म्हणाली.

मग तिनं रंजनाचा हात धरला आणि त्या दोघी आळीतून हळूहळू चालत गेल्या, दोन्ही बाजूंची घरं बघत.