हयवदनअण्णांची बाळंतपणाची रजा

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका पंपांच्या कंपनीत सत्त्याण्णव साली सगळे अर्ज संगणकावरून फिरू लागले, आणि पहिल्याच आठवड्यात गोदामातले हयवदनअण्णा बाळंतपणाच्या रजेवर गेले.

ही व्यवस्था नागपूरहून आलेल्या अवधूतनं बसवली होती. साहेबांनी अर्ज मंजूर केला की एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या चार सूचना, आपोआप जागी व्हायची आणि हुकूम छापायची. काम कसलं, रजेचं की निवृत्तीचं, ते तिला कळे. कोणाचं, ते मात्र अर्जाच्या मूळ प्रक्रियेलाच ठाऊक. स्क्रिप्टमधून तिथवर पोचायची वाट अवधूतला सापडली नव्हती. चाचणीपुरतं त्यानं समोर दिसलेल्या अण्णांचं नाव लिहिलं, आणि ते तसंच राहून गेलं.

रजेचा अर्ज टाकलेली, दिवस भरत आलेली हेमलता हिशेब विभागात बसून राहिली आणि अण्णांना गेटवरून परत पाठवलं. अण्णा मूळचे बेळगावचे, हुकूम मानणारे.

"संगणकानं सांगितलंय, तर कायतरी कारण असणार की," म्हणाले, आणि घरी गेले. बायकोनं, अनुसूयाबाईंनी, डिंकाचे लाडू वळले.

मग कचेरीतले जुने कारकून कृष्णाजी निवृत्त व्हायचे होते. हुकूम पुन्हा अण्णांच्याच नावाचा निघाला. अण्णांना रजेवरून बोलावून शाल-श्रीफळ दिलं. पद्मनाभ साहेबांचं भाषण छान झालं. कृष्णाजींनी मागच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या.

अवधूत साहेबांच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, चूक स्क्रिप्टची आहे. मला दुरुस्त करू द्या."

"जरूर. अर्ज टाका," साहेब म्हणाले.

त्यानं टाकला. मंजूर झाला. हुकूम आला: दुरुस्ती हयवदन यांनी करावी.

तोवर अवधूतनं जाडजूड मॅन्युअल चाळून वाट शोधली होती. प्रत्येक कामाला आपली प्रक्रिया माहीत असते, स्क्रिप्टनं कामाला विचारायचं, "तू कोणत्या प्रक्रियेतलं?", आणि त्या प्रक्रियेला, "अर्जदार कोण?" एवढंच. पण आता त्याला कीबोर्डला हात लावायची परवानगी नव्हती. तो जे. पी. नगरला अण्णांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आला.

"अण्णा, आता डावा कंस."

"थांब रे जरा, स्वल्प. डावा म्हणजे माझा का संगणकाचा?"

संध्याकाळपर्यंत तीन ओळी झाल्या, आणि चालल्या. हेमलतेचा अर्ज पुन्हा टाकला. तिच्या रजेचा हुकूम थेट दवाखान्यात पोचला, मुलगी झाल्यावर. अण्णा मात्र रीतसर निवृत्त झालेले, तेव्हा त्यांना शिकाऊ उमेदवार म्हणून नव्यानं नोकरीवर घ्यावं लागलं.

राहिले कृष्णाजी. त्यांच्या अर्जाचं काम संगणकाच्या लेखी केव्हाच पूर्ण झालेलं, त्यामुळे स्क्रिप्ट त्यांच्यासाठी पुन्हा जागी होणार नव्हती. अवधूत त्यांच्या टेबलाशी गेला.

"काका, तुमचा अर्ज परत टाकू का?"

कृष्णाजींनी आजूबाजूला पाहिलं. "घाई आहे का रे तुला?"

"मला नाही."

"मग मला कशाला?" असं म्हणून त्यांनी फाइल पुढे ओढली, आणि अवधूतही आपल्या जागेवर जाऊन बसला.